झिरार यांचा बळी आणि आपला बकरा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला फ्रेंच विचारवंत रने झिरार यांच्यावरचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने या माणसाला अर्धे पान दिले, याबद्दल आभार आधीच मानून घेतो. पुढे संधी मिळेलसे वाटत नाही.

एकाच लेखात ते गिरार्ड, जिरार्ड आणि जेरार्ड झाले आहेत. चौकटीत त्यांना थेट ‘धर्मगुरू’ करून टाकले आहे. ते श्रद्धावान कॅथलिक होते, पण संसारी गृहस्थ, तीन मुलांचे वडील, आणि हयात गेली अमेरिकी विद्यापीठांत साहित्य शिकवण्यात. असो, हे मुद्रितशोधकाच्या माथी मारता येईल. ‘बळीचा बकरा’ हा शब्दप्रयोग मात्र लेखकाचाच.

झिरार यांच्या १९८२च्या पुस्तकातली कल्पना या शब्दांत देऊन लेखकाने खाली वरिष्ठांनी कनिष्ठांचे बळी दिल्याची उदाहरणे लावली आहेत. आपण मराठीत एखाद्याला बळीचा बकरा म्हणतो तेव्हा तो निर्दोष आहे हे आपल्याला ठाऊक असते. झिरार नेमके उलट सांगतात. जमावाला त्या माणसाच्या अपराधाची मनापासून खात्री असते, आणि ती असते तोवरच त्याला मारून किंवा हाकलून गावात शांतता येते. साहेबाने कारकुनावर खापर फोडले तर ती साधी लबाडी झाली. तिला सिद्धान्त कशाला हवा?

पुस्तकाचे पहिले प्रकरण चाळले असते तरी हे टळले असते. तिथे गियोम द माशो या चौदाव्या शतकातल्या फ्रेंच कवीचा उतारा आहे. आकाशातून दगड पडले, विजांनी शहरे उद्ध्वस्त झाली, ज्यूंनी नद्यांत विष कालवले, मग ज्यूंना ठार मारले गेले. दगडांवर आपण विश्वास ठेवत नाही, विषावरही नाही; कत्तलीवर मात्र ठेवतो. का? कारण सगळी घडी विस्कटवणारी साथ (तेव्हा प्लेग पसरला होता), अशक्य कोटीतला आरोप आणि आधीच वेगळा पडलेला समाज हे तिन्ही एकत्र आले की चौथी गोष्ट, म्हणजे हिंसा, कवीच्या कल्पनेतली राहत नाही. शिवाय माशो काही लपवत नाही. त्याला तो आरोप खराच वाटतो. हीच चाळणी झिरार पुढे पुराणकथांना लावतात. चारांपैकी एखादी खूण दिसली की निकाल द्यायचा नसतो, जुळणी पाहायची असते. लेखकाने एका खुणेवर तीन निकाल दिले आहेत.

‘आपल्याकडे असा विचार झाला नाही’ हे वाक्य तर कमालच. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त वामनाची गोष्ट बळीराजाच्या बाजूने वाचली, ती काय होती? फरक आहेच. जोतीरावांच्या लेखी कथा रचणारे जाणूनबुजून फसवतात, झिरार यांच्या लेखी सांगणाराच फसलेला असतो. या फरकावर लिहिले असते तर अर्धे पान सार्थकी लागले असते. आणि खुद्द झिरार यांचे ‘ब्राह्मण’ या वैदिक ग्रंथांतल्या यज्ञावर, देव आणि असुर यांच्या चढाओढीवर २००३ साली आलेले छोटे पुस्तक आहे. लेखात त्याचे नावही नाही.

माणसाला दुसऱ्याचे पाहून हवेसे वाटते, या झिरार यांच्या दुसऱ्या कल्पनेवरच्या भागात नटनट्यांचे फोटो पाहून जळणारी तरुण पोरे आली आहेत. ‘देखादेखी’ हा इतका नेमका शब्द घरात असताना ‘अनुकरणात्मक अभिलाषा’ कशाला? तहानभूक देखादेखीने लागत नाही, तिच्यापलीकडचे ‘हवेसे वाटणे’ लागते. पण ज्याच्याकडे पाहून लागते तो आवाक्याबाहेर असेल तर वैर होत नाही. सर्व्हांतेसच्या कादंबरीतला डॉन किहोटे पुस्तकात वाचलेल्या आमादिस या वीराची नक्कल करतो, पण त्याच्याशी त्याचे कधी भांडण झाले नाही. त्याचा सेवक सांचो तर चोवीस तास बरोबर असूनही धन्याचा प्रतिस्पर्धी होत नाही. हे अंतर मैलांत मोजायचे नसते. जळफळाट होतो तो बरोबरीच्या माणसाशी. म्हणजे नट नव्हे, शेजारच्या टेबलावरचा सहकारी.

पत्र कापायचे झाल्यास माशोचा परिच्छेद तेवढा ठेवा. आणि गेल्या दोन रविवारच्या शब्दकोड्यांची उत्तरे अजून आलेली नाहीत.

आपला,
एक वाचक