छायाचित्रातल्या उरलेल्या दोघी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कर्तबगार स्त्रियांच्या व्यक्तिचित्रांचं एक प्रदर्शन नुकतंच पाहिलं. आधीच्या पिढ्यांतल्या आणि आजच्या काळातल्या स्त्रिया एकाच भिंतीवर शेजारी-शेजारी होत्या, हे फार आवडलं. मेरी क्युरींच्या बाजूला मरियम मिर्झाखानी, म्हणजे २०१४ साली गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री! अर्ध्या तासासाठी गेले होते, दोन तास तिथेच रमले.

पाय खिळले ते १८८५ सालच्या एका छायाचित्रापाशी. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी, तिघीही आपापल्या देशाच्या पेहरावात. डावीकडे साडी नेसलेल्या आनंदीबाई जोशी, मधे किमोनो, उजवीकडे सीरियातला पोशाख. चेहऱ्यावर हसू कुणाच्याच नाही, पण नजर तिघींचीही ठाम. खालच्या पट्टीवर मात्र एवढंच: 'डॉ. आनंदीबाई जोशी आणि सहाध्यायी'.

वाचून वाईट वाटलं. त्या सहाध्यायींना नावं आहेत. मधल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडच्या सबात इस्लामबूली. आनंदीबाईंना पदवी मिळाली १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबूलींना १८९० मध्ये. घरापासून हजारो मैल दूर, परक्या भाषेत तिघीही शिकल्या. आनंदीबाई बावीस वर्षांच्याही होण्याआधी गेल्या. ओकामींनी मायदेशी परतून रुग्ण तपासले. आनंदीबाईंचं कौतुक आपल्याला असणारच, मलाही आहे. पण ज्यांची नावं वर्षानुवर्षं कुणी घेतली नाहीत त्यांच्यासाठीच तर अशी प्रदर्शनं भरवायची ना?

इतर काही पट्ट्यांवरही आधी कोणाची कन्या, कोणाची पत्नी हे लिहिलेलं, आणि काम शेवटच्या ओळीत. याला सुखद अपवाद हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांच्या चित्राचा. त्यांच्याभोवती मोजमापाची उपकरणं रंगवली होती आणि सौर किरणोत्सर्ग, वारा, ओझोन मोजण्यासाठी त्यांनी काय केलं ते पट्टीवर पहिल्याच वाक्यात होतं. एक शाळकरी मुलगी तिथे वाकून ओळीवर बोट फिरवत वाचत होती. तिच्या आईने दोनदा हाक मारली तरी ती हलेना.

आयोजकांनी मेहनत घेतली आहे, म्हणूनच हे कळकळीने लिहिते आहे. पट्टी बदलायला फार तर एक दिवस लागेल. निघताना अभिप्रायाच्या वहीत मी ती दोन नावं देशांसह, ठळक अक्षरांत लिहून आले आहे.

– एक वाचक