केमो, सीबीसी आणि नागपूरचं ऊन

मा. संपादक, स. न.

कॅन्सरवरच्या केमोच्या प्रत्येक डोसाआधी सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) लागते. बाहेरगावाहून नागपूरला येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून ती आदल्या दिवशी गावीच करावी. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी निघाले तर डोस पुढे ढकलतात, फेरा वाया जातो. सीबीसीची जांभळ्या झाकणाची नळी रक्त घेताच हलक्या हाताने ८-१० वेळा उलटीसुलटी करायलाच हवी. नाहीतर गुठळी होते, प्लेटलेट खोट्याच कमी दिसतात आणि थकलेल्या माणसाला पुन्हा सुई! डोसानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप दिसला तर रात्री दोनलाही दवाखाना गाठा, गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका.

केस (सगळ्याच औषधांनी जात नाहीत) दोन-तीन आठवड्यांत उशीवर पुंजक्यांनी दिसतात. आधीच बारीक कापावेत, वस्तरा नको. मे महिन्यात विगाखाली घामोळं येतं. सुती दुपट्टाच बरा.

— एक लॅब तंत्रज्ञ, नागपूर