डिस्क बदलायला सेवा बंद कशाला?

संपादक महोदय,
स.न.

‘स्टोरेज अपग्रेडसाठी सेवा दोन दिवस बंद राहील’ अशा सूचना आपल्या पेपरात अधूनमधून येतात आणि लोक बिचारे ‘गरज असणारच’ म्हणून गप्प बसतात. मी बरीच वर्षं स्टोरेज क्लस्टर, म्हणजे एकत्र मिळून डेटा साठवणारे सर्व्हर, सांभाळतोय म्हणून लिहावंसं वाटलं, कारण जिथे डेटा अनेक सर्व्हरवर वाटून ठेवलेला असतो तिथे नुसत्या डिस्क बदलायला काहीच बंद करावं लागत नाही.

असली सिस्टीम बांधतानाच धरून चालतात की डिस्क मरणारच. गूगलचा त्यांच्या फाइल सिस्टीमवरचा २००३ चा पेपर याच गृहीतकापासून सुरू होतो, नंतर आलेल्या हडूप आणि सेफ (Ceph) या सॉफ्टवेअरमध्ये पण तेच. डेटाच्या प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन कॉपी, तिन्ही वेगवेगळ्या सर्व्हरवर. एक डिस्क अचानक मेली तरी वाचणं-लिहिणं चालू राहतं, मग आपण ठरवून एक डिस्क काढली तर का थांबावं?

पण काढायची कशी, इथेच लोक घाई करतात. जुनी डिस्क उपटली, नवी लावली, होईल आपोआप दुरुस्त. होतं, खोटं नाही. पण तोपर्यंत त्या डिस्कवरच्या सगळ्या डेटाच्या दोनच कॉपी असतात आणि तेवढ्यात दुसऱ्या सर्व्हरमधली डिस्क गेली तर काही तुकड्यांची एकच उरते. सेफमध्ये तीन कॉपींना किमान दोन जिवंत हव्यात असं सेटिंग असतं, त्यामुळे त्या तुकड्यांचं काम तिथेच थांबतं. मग कोणीतरी घाबरून ते किमान एकावर आणतं, काम सुरू होतं, आणि ती शेवटची डिस्क गेली की डेटा कायमचा गेला.

म्हणून आधी जुन्या डिस्कचं वेट, म्हणजे तिच्यावर किती डेटा ठेवायचा तो आकडा, शून्य करायचं आणि तिला लावलेलीच ठेवायची. डेटा हळूहळू दुसरीकडे सरकतो, आणि सरकत असताना जुनी कॉपी जागेवरच असते म्हणजे तीनच्या तीन शाबूत. स्क्रीनवर तेव्हा ‘मिसप्लेस्ड’ (कॉपी पुऱ्या, पण जागा चुकीची) दिसतं, ‘डिग्रेडेड’ (कॉपीच कमी) नाही, आणि या दोन शब्दांतला फरक ज्याला कळला त्याला हे काम कळलं असं मी माझ्या टीमला सांगतो. डिस्क रिकामी झाली, सिस्टीमनेही काढायला हरकत नाही म्हटलं, की मगच हात लावायचा. अर्थात बाकीच्या डिस्कवर जागा हवी, सेफ ८५ टक्क्यांना इशारा देतं आणि ९५ ला लिहिणंच थांबवतं, म्हणजे क्लस्टर गच्च भरल्यावर अपग्रेड काढणाऱ्यांनी आधीच उशीर केलेला असतो.

वेळ मात्र लागतो. १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने सलग भरली तरी २२ तास जातात आणि तेवढा वेग प्रत्यक्षात मिळत नाही, कारण वापरणाऱ्यांना त्रास नको म्हणून आपणच डेटा सरकवायचा वेग आवरून धरतो. पन्नास डिस्क असतील तर हे आठवड्यांचं काम आहे. बंद ठेवून करणाऱ्यांना दोन दिवस दिसतात आणि हे आठवडे नको वाटतात, पण त्या आठवड्यांत बाहेर कोणाला पत्ताही लागत नाही.

अजून एक, तीन सर्व्हर आणि तीन कॉपी असतील तर एकाच सर्व्हरला मोठ्या डिस्क लावून जागा वाढत नाही, प्रत्येक सर्व्हरवर एकेक कॉपी जायचीच आहे त्यामुळे सगळ्यात लहान सर्व्हरएवढीच जागा वापरता येते. आणि ४ टीबीच्या जागी १६ टीबीची लावली की तिच्यावर चौपट डेटा येतो, वाचणारे पण साधारण चौपट, फिरण्याचा वेग मात्र तोच, मिनिटाला ७२०० फेऱ्या, म्हणजे काम तुंबू शकतं. खरेदी करताना हे कोणी बघत नाही.

स्वतःचा एक अनुभव सांगतो. सर्व्हर थोडा वेळ बंद करायचा असेल तर आम्ही ‘नोआउट’ (बंद डिस्क बाद धरू नको, असं सेटिंग) लावतो, नाहीतर दहा मिनिटं वाट बघून सेफ त्याच्या डिस्क बाद धरतं आणि कॉपी पुन्हा बनवायला घेतं. एकदा काम झाल्यावर ते काढायचं माझ्याकडून राहिलं. काही दिवसांनी एक डिस्क मेली, सेफने तिला बादच केलं नाही आणि बराच डेटा दोन कॉपींवर तसाच पडून राहिला, आमच्यातल्या एकाने सहज स्क्रीन बघितली तेव्हा कळलं. डेटा गेला नाही, पण ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तेव्हापासून नोआउट लावतानाच ते कधी आणि कोण काढणार हे आम्ही लिहून ठेवतो.

आपल्या बातमीदारांना एक विनंती, पुढच्या वेळी अशी सूचना आली की सेवा बंद ठेवणाऱ्यांना एवढं जरूर विचारा: डेटाच्या कॉपी किती आहेत, आणि डिस्क एकेक रिकामी करून का नाही बदलत?

आपला,
एक स्टोरेज अ‍ॅडमिन आणि नियमित वाचक