‘डिस्क सापडली नाही’: सव्वा महिन्यापासून पडून असलेल्या सर्व्हरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनशी ४७ मिनिटं बोलले. हा सातवा फोन होता आणि माझ्याकडून शेवटचा. आता लेखी.

शाळेसाठी घेतलेल्या तुमच्या टॉवर सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकताना इन्स्टॉलर डिस्कचे भाग पाडायच्या, म्हणजे विभाजनाच्या, पायरीवर अडतो. म्हणतो, डिस्क सापडली नाही. ऑल्ट-एफ२ दाबून शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, गेले आणि जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारी एलएसपीसीआय ही आज्ञा चालवली. डिस्क सांभाळणारा कंट्रोलर दिसतो, पण त्याचा वर्ग (प्रकार सांगणारा क्रमांक) ०१०४, म्हणजे रेड (अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत), आणि त्याला एकही ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, लागलेला नाही. तो एएचसीआय या साध्या, प्रमाणित मोडमध्ये असता तर वर्ग ०१०६ दिसला असता आणि कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) ड्रायव्हरने त्याला लगेच ओळखलं असतं. विभाजनांच्या यादीत फक्त माझा पेनड्राइव्ह आहे. त्याच दोन डिस्क, त्याच केबलने, लॅबमधल्या जुन्या डेस्कटॉपला जोडल्या. दोन्ही दिसल्या, स्मार्ट या डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत पासही झाल्या. म्हणजे दोष डिस्कचा नाही, केबलचा नाही आणि डेबियनचाही नाही.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन साटा मोड, म्हणजे कंट्रोलरचा रेड की एएचसीआय हा पर्याय, बदलायचा म्हटलं तर ती ओळ करडी आहे, बदलता येत नाही. ती तुम्हीच बंद केली आहे.

माहितीपत्रकात तुम्ही ‘हार्डवेअर रेड’ छापलंय आणि खाली ‘लिनक्सवर चालतो’ असंही. हे हार्डवेअर रेड नाही. दोन डिस्कवर एकसारखी नोंद करायचं काम तुमचा कंट्रोलर करत नाही, मुख्य प्रोसेसरवर चालणारा ड्रायव्हर करतो, आणि तो ड्रायव्हर तुमच्या संकेतस्थळावर फक्त विंडोजसाठी आहे. ही एकसारखी नोंद, म्हणजे मिररिंग, लिनक्स स्वतः एमडीएडीएम या प्रोग्रामने करतं, एक रुपया न घेता. त्याला फक्त डिस्क दिसायला हव्यात.

आता आजचं बोलणं. हे सगळं मी वर्ग क्रमांकासकट सांगितलं. पलीकडून विचारणा झाली, “मॅडम, सी ड्राइव दिख रहा है क्या?” मी म्हटलं, अजून काहीच टाकलेलं नाही, सी कुठून येणार? मग, “आप विंडोज क्यों नहीं डालते? सब लोग वही डालते हैं.” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दहा मिनिटं गाणं ऐकवलं आणि परत येऊन तो माणूस म्हणाला, “स्कूल में कोई सर होंगे ना, कंप्यूटर वाले? उनको फोन दीजिए.” मी १९ वर्षं याच शाळेत संगणक शिकवते. लॅबमधली प्रत्येक तार मी जोडलेली आहे. वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं, तर मॅडम नाराज होऊ नका, असं सांगून फोन कापला. अंबाजोगाईतल्या शिक्षिकेला कंट्रोलर कळत नसेल, हे त्याने कशावरून ठरवलं?

याआधीचंही लक्षात घ्या. तिसऱ्या फोनवर तुमच्याच माणसाने कॅबिनेट उघडून केबल पुन्हा बसवायला सांगितली. पाचव्या फोनवर ऐकवलं की सील तुटलंय, वॉरंटीचा प्रश्न येईल. दोन्ही कॉलच्या नोंदी तुमच्याकडे आहेत, काढून ऐका.

हा सर्व्हर माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी करून दिला. २२ टर्मिनल त्याच्यावर चालणार होती. उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसातून दोन-दोनदा लाइट जाते, म्हणूनच, एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर सगळं राहावं यासाठी, दोन डिस्कचा हट्ट होता. लेकरं रोज विचारतात, मॅडम, लॅब कधी? तुमचाच आधीचा सर्व्हर आम्ही २०११ साली घेतला होता. तो डेबियनवरच नऊ वर्षं चालला, म्हणून पुन्हा तुमच्याकडे आलो. तो विश्वास तुम्ही घालवला, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

१५ दिवसांत तीनपैकी एक करा. साटा मोड खुला करणारं बायोस द्या, कर्नलमध्ये ड्रायव्हर असलेलं कंट्रोलर कार्ड बसवून द्या किंवा पूर्ण पैसे परत करा. विंडोज टाकणार नाही, तो पर्याय पुन्हा सुचवू नका. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. त्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे तारखेला तुम्हाला इकडे यावं लागेल. माहितीपत्रक, बायोसच्या पडद्याचे फोटो आणि सातही कॉलच्या तारखा सोबत जोडल्या आहेत.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

संगणक शिक्षिका,
अंबाजोगाई, जि. बीड