सर्व्हर एकदा मुद्दाम बंद करून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात कॉम्प्युटरबद्दल जे येतं ते एकतर एआय नाहीतर नवीन मोबाईल, पण आमच्यासारख्या सात-आठ माणसांच्या ऑफिसात चपलांच्या रॅकशेजारी जो काळा डबा, म्हणजे सगळ्यांच्या फाईली ठेवणारा सर्व्हर, रात्रंदिवस घुं घुं करत असतो त्याच्यावर कोणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहितोय. मी पुण्यात एका टॅक्स कन्सल्टंटकडे अकाउंटंट आहे, इंजिनिअर वगैरे नाही. सर्व्हर बसवणारा मुलगा चांगली नोकरी लागून बंगलोरला गेला आणि "तुम्हाला जरा जमतं ना" म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात आलं.

पुण्यात गुरुवारी लाईट जाते हे काही नवीन सांगायला नको. बिल्डिंगला जनरेटर आहे त्यामुळे आमच्या यूपीएसला दोन मिनिटांच्या वर कधी कामच पडलं नव्हतं. त्या गुरुवारी जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, यूपीएसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या, चार मिनिटांत सगळं गार. आणि तारीख कुठली तर 18, म्हणजे जीएसटीचा 3बी रिटर्न भरायला दोन दिवस.

दुपारी लाईट आली, सर्व्हरचा पंखा फिरायला लागला, हिरवे दिवे लुकलुकले, सगळे खूष, आणि सर्व्हरवरचा टॅलीचा, म्हणजे आमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, फोल्डर काही उघडेना. नेटवर्क पाथ सापडत नाही म्हणे. मग आपल्याकडे जे होतं तेच झालं, आधी इंटरनेटवाल्याला शिव्या, मग राउटर तीनदा बंद-चालू, आणि एका उत्साही सहकाऱ्याने "थांबा, माझ्याकडे आहे एक" म्हणून घरचा जुना राउटर आणून सगळ्या वायरी जिथे येतात त्या स्विचला जोडला. आता तोही आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कातल्या प्रत्येक मशीनचे नंबर, वाटायला लागला. आमचे सगळे 192.168.1 वाले, त्याने दोन पीसींना 192.168.0 वाले देऊन टाकले, त्यामुळे त्या दोघांना प्रिंटरसुद्धा दिसेना आणि खरा बिघाड काय आहे ते झाकलंच गेलं. एका नेटवर्कात ॲड्रेस वाटणारा एकच पाहिजे, एका वाड्यात दोन सासवा नकोत तसं.

तो राउटर काढला, सर्व्हरला पिंग मारला, म्हणजे नेटवर्कवरून नुसती हाक मारली, तर उत्तर येतंय. म्हणजे मशीन जिवंत आहे, वायर ठीक आहे, फाईल वाटणारी सर्व्हिस मेलीये. आमच्या सर्व्हरवर उबुंटू लिनक्स आहे आणि फाईली वाटायला सांबा नावाचा प्रोग्राम, त्याचं स्टेटस बघितलं तर इनॲक्टिव्ह आणि त्याच्याच वर डिसेबल्ड. इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर, आणि इनेबल म्हणजे मशीन उठल्यावर दरवेळी स्वतःहून चालू हो. त्या मुलाने बसवताना फक्त स्टार्ट केलं होतं! मधे 14 महिने मशीन एकदाही बंद पडलं नाही त्यामुळे कोणाला पत्ताच नाही.

सांबा चालू केला, फोल्डर उघडला, आत काहीच नाही. रिकामा. आमच्या मॅडम खुर्चीत बसल्या त्या बोलेचनात. पण डेटा गेला नव्हता, डेटाची वेगळी डिस्क होती आणि तीसुद्धा त्या मुलाने हाताने माउंट केलेली, म्हणजे कमांड मारून फोल्डरला जोडलेली; मशीन उठताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी एफएसटॅब फाईलमध्ये असते, तिच्यात नोंदच नाही. आम्हाला दिसत होतं ते डिस्क जिथे चिकटवायची ते नुसतं रिकामं खोकं. मी जुन्या कागदावरची कमांड मारली तर वेगळीच डिस्क लागली, कारण बॅकअपची यूएसबी डिस्क लावलेली असताना मशीन परत उठलं आणि त्याने डिस्कना दिलेली नावं बदलली, एसडीबीची एसडीसी झाली. ही नावं पक्की नसतात, म्हणून नोंद करताना डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख नंबर, लिहायचा असतो, ते मी त्या संध्याकाळी शिकलो.

खरा घाम फुटला तो नंतर. रोज रात्री 11 ला आरसिंक नावाचा कॉपी करणारा प्रोग्राम बॅकअप घेतो आणि त्याला डिलीटचा ऑप्शन लावलेला, म्हणजे मूळ फोल्डरात जे नाही ते बॅकअपमधूनही पुसायचं. आम्ही वैतागून "उद्या बघू" म्हणत घरी गेलो असतो तर 11 वाजता त्याने तो रिकामा फोल्डर इमानदारीत कॉपी केला असता आणि चांगला बॅकअप साफ झाला असता. (सांबा आणि आरसिंक दोन्हीच्या सुरुवातीला एकच ऑस्ट्रेलियन माणूस, अँड्र्यू ट्रिजेल, एक 1992 चं आणि दुसरं 1996 चं. त्याचा काही दोष नाही, सांगितलं तेच ते करतं.) आता स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ अशी घातलीये की डिस्क खरंच माउंट आहे का बघ, नसेल तर काही न करता थांब आणि मला मेल कर.

आणि हे फक्त आमच्या 3बी पुरतं नाही. ज्यांचे क्लायंट प्रायव्हेट लिमिटेड आहेत त्यांना माहीत असेल, ऑगस्ट 2022 पासून कंपन्यांनी हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवायचा नियम आहे. त्याआधी नुसतं ठराविक काळाने असं होतं. आता रोज म्हणजे रोज, आणि तो बॅकअप परत उघडतो का हे किती जण बघतात देव जाणे.

आमच्या साहेबांचं म्हणणं, चालतंय ना, मग कशाला छेडायचं. हे मी इतर ऑफिसांतही ऐकलंय आणि मला ते पटत नाही. 14 महिने चालतंय याचा अर्थ 14 महिने तपासलेलं नाही. न छेडता ते आपोआप बंद पडणारच आहे, फक्त दिवस लाईटवाले ठरवणार. त्यापेक्षा महिन्याच्या 25-26 तारखेला, काम कमी असतं तेव्हा, सर्व्हर रीतसर शटडाउन करायचा, परत चालू करायचा आणि कीबोर्डला हात न लावता बसायचं. फोल्डर, टॅली, प्रिंटर, घड्याळ, सगळं आपोआप येतं का बघायचं. घड्याळाचं मुद्दाम लिहितोय कारण आमची मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरीही संपलेली निघाली, मशीनची तारीख मागे गेली आणि क्लाउडवरचा बॅकअप सर्टिफिकेट (समोरच्या सर्व्हरचं ओळखपत्र, त्याला तारखेची मुदत असते) चुकीचं आहे म्हणून अडून बसला. स्वस्तातली बॅटरी, पण अर्धा दिवस खाल्ला.

यूपीएसला यूएसबीची वायर असते ती आमच्याकडे अजून पिशवीतच होती. ती सर्व्हरला जोडून सेटिंग केलं की बॅटरी संपत आली की मशीन स्वतः नीट बंद होतं. आयपी, सर्व्हिसची नावं, कुठली डिस्क कुठे, हे सगळं एका वहीत लिहून ती कपाटात ठेवलीये, पासवर्ड बंद पाकिटात मॅडमकडे.

परवा आमची तिसरी ट्रायल झाली. बाकी सगळं आलं, प्रिंटर आला नाही, त्याला राउटरने नवीनच ॲड्रेस दिला होता. आता तो ॲड्रेस कायमचा पक्का करायचाय.

कळावे,
एक अकाउंटंट, पुणे