पडदा काचेच्या बाहेर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या बसचे राहते घर करण्याविषयी आता बरेच लिहिले जाते. मात्र त्यात पलंग, ओटा आणि सौर पॅनेल यांचीच वर्णने अधिक असतात आणि खिडक्यांचा विचार अगदी शेवटी होतो, याची खंत वाटते. प्रवाशांना बाहेरचे दिसावे म्हणून बांधलेल्या बसच्या दोन्ही अंगांना काचाच काचा असतात. त्यांतून ऊन सहज आत शिरते, पण त्याने तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता काच तितक्या सहजतेने बाहेर जाऊ देत नाही. आतून लावलेला गडद पडदा उजेड अडवतो खरा, परंतु तो स्वतःच तापतो आणि ती उष्णता घरातच सोडत राहतो. म्हणून ऊन काचेला लागण्यापूर्वीच अडवले पाहिजे.

असे पडदे घरी करणे अवघड नाही. उलट, बसच्या खिडक्यांचे कोपरे गोलसर असल्याने तयार पडदे त्यांना क्वचितच नीट बसतात. प्रत्येक खिडकीवर कागद चिकटवून तिचा साचा काढावा, त्यावरून शेडनेट किंवा उन्हात टिकणारे फिक्या रंगाचे जाड कापड बेतावे आणि कडेच्या दुमडीत लोहचुंबक शिवून टाकावेत. बसचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असेल, तर चुंबक धरणार नाहीत; तेथे हूक बसवावे लागतील. पडदा आणि काच यांत थोडी मोकळी जागा राहिली, तर तेथून गरम हवा निघून जाते.

समोरच्या मोठ्या काचेला बाहेरून पडदा लावणे जमत नसेल, तर हवेचे बुडबुडे असलेली चंदेरी शीट आतून लावावी; तिची चकचकीत बाजू काचेकडे हवी, कारण परतवलेला प्रकाश उष्णतेत बदलण्यापूर्वीच बाहेर जातो. ही शीट शेगडीजवळ मुळीच नको. आपत्कालीन खिडकी आतून चटकन उघडता आली पाहिजे आणि गाडी हलवण्यापूर्वी चालकाच्या दृष्टीआड येणारे सर्व पडदे, तसेच बाहेरून लावलेले पडदे, न विसरता काढले पाहिजेत.

बसचे घर करून देणाऱ्या कारागिरांना माझी आग्रहाची विनंती आहे की, आतील फळ्या ठोकण्यापूर्वीच त्यांनी खिडक्यांच्या वर बाहेरून पडद्याची पट्टी बसवावी. नंतर पत्र्याला भोके पाडली की गळती आणि गंज यांना वाट मिळते.

आपला,
एक वाचक