अप्पा, मागांना हात लावू नका

ती. अप्पा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहालोय. फोनवर अप्पांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई तू सांगताना त्यात तुझ्या मनाचं घालतेस, मागच्या वेळी मी "बघतो" म्हटलेलं तू "हो म्हणाला" करून सांगितलंस, आठवतंय ना? तर हे ताईच्या व्हॉट्सॲपवर पाठवतोय, ती प्रिंट काढून आणून देईल. अप्पांनी चष्मा लावून स्वतः वाचायचं. आई, तू वाचून दाखवायचं नाही.

ताईकडून कळलं की शेडमधले दोन्ही यंत्रमाग काढायचं चाललंय, भंगारवाला येऊन वजनाचा अंदाज पण करून गेला, आणि तिथं आमच्यासाठी दोन खोल्या आणि आतच बाथरूम काढायचं म्हणून गवंड्याशी बोलणं झालंय. अप्पा, माग काढू नका. गवंड्याला काय ॲडव्हान्स दिला असेल तर तो गेला समजा, मी देतो, पण मागांना हात लावू नका. का ते सांगतो, शेवटपर्यंत वाचा, मध्येच चष्मा काढून उठून जाऊ नका.

आम्ही मस्कत सोडून येतोय ते नक्की. एप्रिलचा दुसरा आठवडा, तिकिटं झाली. पण राहायला बेळगावातच हिंदवाडीत फ्लॅट घेतलाय, भाड्यानं, अकरा महिन्यांचा करार. दाजींनी बघितला, मी व्हिडिओवर बघितला, मागच्या शनिवारी ॲडव्हान्स पण दिला. तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं हे मला कळतंय. विचारलं असतं तर तुम्ही "बरं" म्हणाला असता आणि आई दोन दिवस जेवली नसती, आणि मग मी तो फ्लॅट सोडला असता. म्हणून नाही विचारलं.

आणि तुमच्या दोघांच्या मनात आत्ता काय आलं ते पण मला माहीत आहे. हे काकांसारखं नाही. शेडमधली ती मधली भिंत मी पण बघितलीय, मी तेव्हा सातवीत होतो, विटा मीच उचलून दिल्या होत्या. तसलं काही नाही. चूल एकच आहे, गॅसची शेगडी तेवढी दोन ठिकाणी असणार. वडगावातून हिंदवाडी म्हणजे स्कूटीवर दहा मिनिटं, अप्पा पूर्वी सायकलवर बीम बांधून याच्या दुप्पट लांब जात होते.

कारण सांगतो. हिचं काम ऑनलाइन चालू राहणार आहे, इथल्याच ऑफिसचं, मस्कतच्या वेळेनं. म्हणजे आपल्याकडं संध्याकाळी साडेसहापर्यंत, वर्षअखेरीला त्याच्याही पुढं, आणि दिवसभर कॉल. शेडच्या बाजूच्या खोलीत बसून ती कॉलवर हिशोब बोलणार आणि पलीकडं खटाक खटाक, ते कसं जमणार? मग तुम्ही म्हणणार, म्हणूनच तर माग काढतोय. आणि मला तेच नकोय. शेजारच्या मामांनी माग विकले तेव्हापासून ते कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचत असतात, दोन वर्षं झाली. तुम्हाला तसं बसलेलं मला बघायचं नाही. दोन मागांतून किती सुटतात मला माहीत आहे, शेठ मजुरी किती देतो आणि कधी देतो ते पण माहीत आहे. पैशासाठी म्हणत नाहीये. सकाळी सहाला उठून तेलाची कुप्पी घेऊन शेडमध्ये जायचं, हे तुमचं आहे, ते राहू दे. कामगार आहेच, तुम्ही नुसतं खुर्चीवर बसून त्याला शिव्या द्या.

बारकीच्या फोनमध्ये, म्हणजे हिच्याच जुन्या फोनमध्ये, मागच्या दिवाळीतलं शेडमधलं रेकॉर्डिंग आहे, चाळीस सेकंदांचं. दोन्ही माग चालू आहेत, मध्ये आई खोकते, मग अप्पांचा आवाज, "ए, सूत तुटलंय बघ तिकडं," आणि एक माग थांबतो आणि एकटा दुसराच चालत राहतो. ते ती रात्री उशाशी लावून झोपते. सोफा, टीव्ही सगळं विकून झालं, घरात आता आवाज घुमतो, त्यात ते लावलं की मी स्वयंपाकघरात भांडी घासता घासता थांबतो. मी लहान असताना मला पण तसंच झोपवायचीस ना तू, मांडीवर घेऊन एका हातानं कांड्या भरत? आणि वीज गेली की मी उठून बसायचो. आवाज बंद झाला म्हणून उठायचो. इथं २०११ ला आलो तेव्हा पहिले पंधरा दिवस झोपच लागली नव्हती, मग रूममेटचा खिडकीचा एसी बिघडला आणि खडखडायला लागला, तेव्हा लागली. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

बरं, इकडचं. काळजी करण्यासारखं काही नाही, सगळं क्रमानं चाललंय. कंपनीत शेवटचा दिवस ३१ मार्च. गाडी पुढच्या आठवड्यात एका केरळच्या माणसाला जाणार, त्यानं चारदा येऊन बघितली आणि चारही वेळा "लास्ट प्राईस?" विचारलं. फ्रिज सगळ्यात शेवटी द्यायचा. बँकेचं खातं आणि सिमकार्ड पण शेवटीच, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतात, सिम आधी बंद केलं की सगळंच अडकतं, असं इथून गेलेल्या दोघातिघांचं झालंय. लाइट-पाण्याचं बिल, घरमालकाकडून डिपॉझिट, मग रेसिडेंट कार्ड रद्द करायचं. ते झालं की आपण इथले कुणी नाही. चौदा-पंधरा वर्षं खिशात ठेवलेलं कार्ड, काउंटरवरचा माणूस घेणार आणि पुढच्याला हाक मारणार, झालं.

ग्रॅच्युइटीचं अप्पांनी विचारलं होतं. इथं २०२३ ला नवा लेबर कायदा आला, त्यात वर्षाला एक महिन्याचा बेसिक पगार मिळतो. बेसिकच, पूर्ण पगार नाही, पण बऱ्यापैकी आहे. परदेशात राहणाऱ्यांचं ते एनआरई खातं तिकडं आल्यावर बँकेला सांगून बदलून घ्यावं लागतं, ते दाजींच्या सीएशी बोललोय. उद्यमबागेत नोकरी बोलून झालीय, मशिन शॉपचं मेंटेनन्स. पगार इथल्या निम्म्याहून कमी, ते लपवत नाही. पण इथं भाडं, शाळेची फी, दरवर्षीची चौघांची तिकिटं काढून जे उरत होतं ते पण काय फार नव्हतं अप्पा, तुम्हाला सांगताना मी जरा वाढवून सांगत होतो. आईच्या पाटल्या सोडवल्या, ताईचं लग्न झालं, शेडवर पत्रे झाले, २०१९ च्या पाण्यात मोटरी गेल्या त्या नव्या घेतल्या. तेवढ्यासाठी आलो होतो, ते झालं.

सामान बावीस खोकी झालंय, समुद्रातून न्हावा शेवाला आणि तिथून लॉरीनं, दीडेक महिना लागेल म्हणतात. त्यात अप्पांसाठी एक खुर्ची आहे, उंच, हाताला धरून उठता येईल अशी. आई, तुझ्यासाठी काही नाही, कारण मागच्या वेळचा मिक्सर तू अजून खोक्यातनं काढला नाहीस, ताईनं फोटो पाठवलाय, वर पापडाचा डबा ठेवलाय तो.

आता जे लिहायचं नव्हतं ते. मी सगळ्यांना सांगालोय की पोरांच्या शाळेसाठी जातोय, हिला कंटाळा आलाय, कंपनीत नव्या लोकांना घेत नाहीत. ते खोटं नाही. पण नोव्हेंबरमध्ये अप्पा शेडच्या पायरीवरून पडले त्या रात्री मी रुसैलला फॅक्टरीत होतो, ताईचा फोन आला तेव्हा मशीन उघडून बसलो होतो, हात ग्रीसनं भरलेले, फोन कोपरानं उचलला. तुम्ही मागून ओरडत होता, "त्याला कशाला सांगतीस, काही झालं नाही." मग घरी यायला हायवेला लागलो आणि घर मागं गेलं तरी चालवतच राहिलो, कुठं जात होतो मला माहीत नाही, एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये जाऊन थांबलो. तिकीट नव्हतं, पासपोर्ट घरी. तासभर बसून परत आलो. जून २०२० ला आजी गेली तेव्हा निदान विमानंच बंद होती, एंबसीच्या यादीत नाव घालून बसलो होतो, माझ्या हातात काही नव्हतं असं म्हणता येत होतं. यावेळी विमानं रोज जात होती.

तर अप्पा, "माझ्यासाठी नोकरी सोडू नको" हे तुम्ही तीनदा बोललात, आता चौथ्यांदा बोलू नका. तुमच्यासाठी नाही सोडली. मला ते पार्किंगमध्ये परत बसायचं नव्हतं म्हणून सोडली.

पोरांचं म्हणाल तर बारकी उड्या मारतेय. मोठा गप्प आहे. त्याचे सगळे मित्र इथं, त्यात त्याला कुणीतरी सांगितलंय की कर्नाटकात कन्नड घ्यावंच लागतं. लागतंच. ज्या शाळेत घेतोय तिथं दुसरी भाषा कन्नड आहे, आणि हा सहावीत, त्याला एक अक्षर येत नाही, बाकीची पोरं पहिलीपासून शिकलेली. हे काम अप्पांचं. तुम्ही सूत बाजारात आणि बसमध्ये जे कन्नड बोलता ते त्याला शिकवा, व्याकरण शाळा शिकवेल. परवा व्हिडिओवर तुम्ही त्याला "हेंग अदीरी" म्हणालात, तो दिवसभर हिला तेच, "कशा आहात", विचारत होता. शाळेची बस तुमच्याच कोपऱ्यावर थांबते, मुद्दाम तो रूट विचारून घेतला. म्हणजे पोरं दुपारी तुमच्याकडं उतरणार, जेवणार, आम्ही संध्याकाळी घ्यायला येणार आणि आम्ही पण तिथंच जेवणार. मग मला सांगा, फ्लॅटवर नक्की राहणार तरी कोण?

फ्लॅटमध्ये एक खोली तुमची. तिथं कमोड आहे, धरायला बार लावून घेतोय, गरम पाणी नळाला येतं. शनिवार-रविवार यायचं, तरुण भारत पेपर तिथं पण टाकायला सांगतो, नाहीतर अप्पांना सकाळ झाल्यासारखं वाटत नाही. आई, तुळस तिथं नको नेऊ, बाल्कनीला ऊन नाही.

आता ऐका, हे सगळं आम्ही यायच्या आत करायचं. शेडच्या त्या पायरीला दाजी कठडा बसवणार आहेत, त्यांना "कशाला" म्हणायचं नाही. कानाचं मशीन काडेपेटीच्या डब्यात ठेवण्यासाठी घेतलेलं नाही, कानात घालायचं, पहिले आठ दिवस डोकं दुखतं, मग सवय होते, डॉक्टरांनी सांगितलंय. मागावर असताना काढा, बाकी वेळ घाला. आई, शुगरची गोळी जेवणाबरोबर, उपवासाला "आज जेवले नाही म्हणून गोळी पण नाही" हे तुझं शास्त्र कुठलं आहे? डॉक्टरांना विचार आणि ते सांगतील तसं कर. रात्री पायाचे तळवे बघायचे, चप्पल लागलेलं तुला कळत नाही. आम्ही येणार म्हणून माळ्यावरची पितळेची भांडी काढायला चढायचं नाही. पाहुणे नाही येत आहेत. मांडे, कुंदा काही आणून ठेवायचं नाही, म्हणजे कुंदा आणा थोडा, अर्धा किलो, पण तू खायचा नाहीस. शेंगाचटणी मात्र कर, इथली संपली.

एअरपोर्टला यायचं नाही. गोव्याला उतरणार, तिथून गाडी करून चोर्ला घाटातून येणार, बारकीला गाडी लागते त्यामुळं थांबत थांबत, उशीर झाला तर दारात उभं राहू नका. वैशाखातल्या आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथांच्या आत पोचतोच. दोन-चार तरी बघायचेत, मोठ्याला खांद्यावर घ्यायचं वय गेलं, बारकीचं आहे अजून. आषाढात मंगाईची जत्रा, तेव्हा चौदा वर्षांत पहिल्यांदा मी घरी असेन, वर्गणी माझ्या नावानं घाला, अप्पांच्या नावानं वेगळी घालू नका. एकच.

येत्या शुक्रवारी फोन करतो, तुमच्या रात्री नऊला. मशीन घालून बसा. आणि भंगारवाल्याला उद्याच्या उद्या "नाही" म्हणून सांगा, नाहीतर मी दाजींना शेडला कुलूप लावायला सांगेन, किल्ली त्यांच्याकडं आहेच.

तुमचा,
बाळू

ता. क. ताईवर चिडू नका, तिला मी शपथ घातली होती. आणि अप्पा, तो दुसरा माग, खिडकीजवळचा, रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज जरा वेगळा येतोय, धोटा कुठंतरी घासतोय. आल्यावर बघू, तोवर कामगाराला चालवू देऊ नका.